कोकणातला कावळा: त्याची हुशारी, त्याची नक्कल आणि माणसांशी त्याचा व्यवहार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकण किनाऱ्यावर नेमके कोणते कावळे आढळतात? रेव्हन इथे दिसतो का?

आपल्याकडे दोन प्रकारचे कावळे आहेत. मान आणि छाती राखाडी असलेला, अंगाने थोडा सडपातळ, तो गावकावळा. आणि सर्वांगाने काळा, आकाराने मोठा, जाड चोचीचा, तो डोमकावळा. गावकावळा माणसाच्या वस्तीवाचून राहत नाही. बंदर, मासळीबाजार, एसटी स्थानक आणि घरापुढचे खळे ही त्याची हक्काची ठिकाणे आहेत. डोमकावळा आंब्या-फणसाच्या बागा, देवराया आणि डोंगरउतार अधिक पसंत करतो, पण मासळी आली की तोही किनाऱ्यावर उतरतो.

परदेशांतील प्रयोगांमुळे ज्याचे नाव वारंवार कानावर येते तो रेव्हन हा या दोघांचा मोठा भाऊबंद होय. भारतात तो हिमालयात आणि राजस्थान, पंजाब, कच्छ अशा वायव्येकडील कोरड्या भागांत आढळतो, कोकणात नाही. त्यामुळे आपल्या डोमकावळ्यालाच रेव्हन म्हणण्याची जी पद्धत अलीकडे पडली आहे, ती चुकीची आहे. बागांमधून हिंडणारा लांब शेपटीचा तांबूस टकाचोर मात्र खरोखरच कावळ्याच्या कुळातला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो, हे खरे आहे का?

होय, आणि याविषयी चांगला पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील सिएटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी अडकवली आणि त्यांना सोडून दिले. त्यानंतर तोच मुखवटा घालून कोणीही आवारातून चालू लागले, की कावळे जमून आरडाओरडा करीत आणि अंगावर झेप घेत. तुलनेसाठी वापरलेला मुखवटा तत्कालीन अमेरिकी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या चेहऱ्याचा होता. त्या मुखवट्याने कोणालाच पकडले नसल्यामुळे कावळ्यांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मुखवट्याखालचा माणूस बदलला, त्याची चाल आणि कपडे बदलले, तरी राग मुखवट्यावरच राहिला.

या प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग पुढचा आहे. वर्षे गेली तशी त्या मुखवट्यावर ओरडणाऱ्या कावळ्यांची संख्या घटण्याऐवजी वाढत गेली. ज्यांना कधीच पकडले नव्हते, आणि जे पकडापकडीच्या वेळी जन्मलेही नव्हते, असे कावळेही त्या चेहऱ्याला शत्रू मानू लागले. पिल्ले आईबापांकडून आणि शेजारी शेजाऱ्यांकडून शिकले. हा प्रयोग अमेरिकी कावळ्यांवर झालेला आहे, आपल्या गावकावळ्यावर नव्हे, हे नमूद करायला हवे. तरीही गलोल घेऊन हिंडणारा वाडीतला एखादा मुलगा रिकाम्या हातांनी घराबाहेर पडला तरी माडावरचे कावळे कलकलाट करतात आणि त्याच्याच बहिणीच्या डोक्यावरून शांतपणे उडून जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही.

सुकत घातलेल्या मासळीवर कावळा नेमका आपली पाठ वळल्यावरच कसा येतो?

कारण तो मासळीइतकेच, किंबहुना मासळीपेक्षा अधिक, राखणाऱ्या माणसाकडे पाहत असतो. माझ्या मते कोकणातल्या कावळ्याच्या हुशारीचे खरे स्वरूप इथेच उमगते: ती प्रामुख्याने माणूस वाचण्याची हुशारी आहे.

हर्णै, मिरकरवाडा किंवा मालवणच्या किनाऱ्यावर वाळूत जाळी अंथरून जवळा पसरलेला असतो आणि शेजारी काठी घेऊन एखादी मावशी बसलेली असते. कावळा ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर उतरतो आणि बराच वेळ काहीच करीत नाही. मावशींचे डोके त्याच्याकडे असेपर्यंत तो चोचीने होडीचे लाकूड घासतो, पिसे साफ करतो, मासळीत आपल्याला रस नाही असे वाटावे अशा दिशेला तोंड करून बसतो. त्या गिऱ्हाइकाशी बोलू लागल्या किंवा तराजूकडे वळल्या, की तो वाळूवर उतरतो. मात्र सरळ न येता तिरक्या उड्या मारीत, शरीराची एक बाजू नेहमी पळण्याच्या वाटेकडे ठेवून येतो. काठीकडे नुसता हात गेला तर दोन पावले मागे सरतो, काठी उचलली गेली तरच उडतो, आणि दगडासाठी कोणी वाकले तर दगड हातात येण्यापूर्वीच गेलेला असतो. धमकी कोणती पोकळ आणि कोणती खरी, याचा हिशेब त्याने अनुभवातून पक्का केलेला असतो.

म्हणूनच बुजगावणे, चमकत्या पट्ट्या किंवा टांगलेल्या जुन्या सीडी यांचा उपयोग थोडेच दिवस होतो. ज्या वस्तूमागे माणसाची हालचाल नाही, ती निरुपद्रवी आहे हे त्याच्या लवकर ध्यानात येते. मासळी वाचवायची असेल तर वरून बारीक जाळे ताणणे हाच टिकाऊ उपाय आहे. विष घालणे हा उपाय नव्हे. त्याने घारी, कुत्री आणि मांजरेही मरतात.

कावळा माणसासारखे बोलू शकतो का?

बोलणे याचा अर्थ शब्दांचे आवाज काढणे एवढाच घेतला, तर कावळ्याच्या कुळातील पक्षी ते करू शकतात. कावळा कर्कश ओरडतो म्हणून आपण त्याला गाणाऱ्या पक्ष्यांत धरत नाही, पण शास्त्रीय वर्गीकरणात तो बुलबुल आणि दयाळ यांच्याबरोबर गायक पक्ष्यांतच मोडतो. या पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या भागात तयार होत नाही. श्वासनलिका जिथे दोन फाट्यांत विभागली जाते तिथे त्यांचे स्वरयंत्र असते, आणि त्याच्या दोन्ही बाजूंवर पक्ष्याचे वेगवेगळे नियंत्रण असू शकते. शिवाय या पक्ष्यांना आवाज ऐकून शिकता येतो. ही क्षमता प्राणिसृष्टीत फार थोड्यांना लाभली आहे.

माणसांत वाढलेले रेव्हन शब्द, खोकला, शिट्टी, दाराची करकर असे आवाज हुबेहूब काढतात. नोबेल पारितोषिक विजेते ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांच्याकडे ‘रोआ’ नावाचा एक रेव्हन होता. ज्या ठिकाणी त्याला वाईट अनुभव आला असेल त्या ठिकाणी लोरेन्झ उभे दिसले, की तो मागून झेपावत येई, त्यांच्या डोक्यावरून जाताना शेपटी हलवी आणि माणसाच्या आवाजात ‘रोआ’ असे म्हणे. आपल्या जातभाईला ‘चल, ऊठ’ म्हणताना तो रेव्हनचा स्वतःचा आवाज वापरीत असे. माणसाला बोलावताना मात्र त्याने माणसाकडून ऐकलेला शब्द निवडला होता. पक्ष्याने शिकलेला शब्द योग्य प्रसंगी आणि योग्य व्यक्तीसाठी वापरल्याचे हे उदाहरण मला अजूनही थक्क करते.

कावळ्याचे आपल्या आवाजावर किती नियंत्रण असते, हे जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आंद्रेआस नीडर यांच्या प्रयोगशाळेत २०२४ मध्ये दिसून आले. तेथील कावळे दिलेल्या खुणेनुसार एक, दोन, तीन किंवा चार वेळा, मोजून, आवाज काढायला शिकले.

मग आपल्या अंगणातला कावळा आपली नक्कल का करीत नाही?

त्याला त्याची गरज नाही. नक्कल प्रामुख्याने त्या पक्ष्यांत दिसते ज्यांना लहानपणी माणसाने वाढवले आणि ज्यांच्या सोबतीला दुसरा कावळा नव्हता. असा पक्षी माणसालाच आपला कळप मानतो आणि त्या कळपाचे आवाज उचलतो. मोकळ्या कावळ्याला शिकण्यासाठी स्वतःचे आईबाप आणि थवा असतो.

तरीही गावकावळा फक्त ‘काव काव’ करतो असे समजू नये. दुपारच्या निवांत वेळी जोडीने बसलेले कावळे जवळून ऐकावेत: घशातल्या घशात गुरगुर, टकटक, हलकी कुजबूज असे कितीतरी मऊ आवाज ते एकमेकांसाठी काढत असतात. घार आल्यावरचा, मांजर दिसल्यावरचा आणि अन्न सापडल्यावरचा आवाज वेगळा असतो, आणि ज्यांचे आयुष्य कावळ्यांच्या शेजारी गेले आहे त्या बायामाणसांना स्वयंपाकघरातूनच बाहेर काय चालले आहे ते कळते.

कावळ्याला बोलता यावे म्हणून त्याची जीभ चिरावी लागते, असे म्हणतात. ते खरे आहे का?

अजिबात नाही. आवाज जिभेत तयारच होत नाही, तर छातीजवळच्या स्वरयंत्रात होतो. जीभ चिरणे हे निव्वळ क्रौर्य आहे. त्याने पक्ष्याला खाणे-पिणे अवघड होते आणि तो मरू शकतो.

कोकणच्या रानात नकलेत सर्वांत तरबेज पक्षी कोणता?

हा मान भृंगराजाचा. शेपटीला दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना पिसांचे झुबके असलेला हा काळा पक्षी सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांत दिसतो. तो इतर पक्ष्यांचे साधे आवाज उचलतो, शिकारी पक्ष्यांचे उचलतो आणि धोक्याचे इशारेही उचलतो. रंगाने काळा असला तरी तो कोतवालाच्या कुळातला आहे, कावळ्याच्या नव्हे. हिरवा हरेवाही उत्तम नकलाकार आहे.

घागरीत खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट शक्य कोटीतली आहे का?

शक्य आहे. इंग्लंडमधील ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी २००९ मध्ये कावळ्याच्याच कुळातल्या रूक या पक्ष्यांपुढे अरुंद नळीत पाणी आणि त्यावर तरंगणारी अळी ठेवली. पक्ष्यांनी जवळचे दगड नळीत टाकून पाणी चोचीच्या टप्प्यात आणले आणि अळी खाल्ली. मोठे दगड टाकले तर काम लवकर होते, हेही त्यांच्या ध्यानात आले.

अवजारांच्या बाबतीत प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावरचे कावळे सर्वांच्या पुढे आहेत. ते काटक्यांना आकडा करून आणि केवड्याच्या जातीतल्या झाडाची काटेरी पाने कापून त्यांनी ढोलीतल्या अळ्या ओढून काढतात. ऑक्सफर्डमधील ‘बेटी’ या कावळीने २००२ मध्ये सरळ तार वाकवून आकडा केला आणि त्याने छोटी बादली वर उचलली, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. पुढे २०१६ मध्ये असे दिसले की रानातून आणलेले तिचे जातभाईही लवचीक काटक्या असेच वाकवतात. म्हणजे बेटीची कृती पूर्णपणे नवीन नव्हती. अशा दुरुस्त्या वाचकांपर्यंत क्वचितच पोहोचतात, म्हणून मुद्दाम सांगितले. जपानमधील सेंदाई शहरातले कावळे तर अक्रोड रस्त्यावर ठेवून मोटारींच्या चाकांखाली फोडून घेतात.

आपला गावकावळा अवजारे घडवत नाही. पण वाळलेल्या भाकरीचा तुकडा घेऊन तो विहिरीजवळच्या दगडी दोणीवर येतो, तुकडा पाण्यात बुडवतो, काढून चोचीने दाबून पाहतो, अजून कडक वाटला तर पुन्हा बुडवतो आणि मगच गिळतो. हे दृश्य पाहण्यासाठी ऑक्सफर्डला जावे लागत नाही.

कावळा अन्न लपवतो ते त्याला नंतर सापडते का?

बहुधा सापडते. कौलांच्या सांध्यात, पन्हळीत, माडाच्या झावळीच्या बेचक्यात तो तुकडे खुपसून ठेवतो. मात्र दुसरा कावळा पाहत असेल, तर जागा बदलतो. रेव्हनच्या बाबतीत व्हिएन्नाचे थॉमस बुग्न्यार आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की शेजारच्या खोलीतून नुसता आवाज येत असेल पण मधले भोक उघडे असेल, तर रेव्हन कोणीतरी आपल्याला पाहत असल्यासारखी सावधगिरी बाळगतो. भोक बंद असेल तर बाळगत नाही. ‘त्याला मी दिसत असेन का’ हा विचार करणे ही सोपी गोष्ट नव्हे.

एवढ्याशा मेंदूत एवढी बुद्धी कशी मावते?

पक्ष्यांच्या मेंदूत चेतापेशी अतिशय लहान आणि दाट असतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार रेव्हनच्या सुमारे १४ ग्रॅम वजनाच्या मेंदूत, विचाराशी निगडित असलेल्या वरच्या भागात, सुमारे १२० कोटी चेतापेशी आढळल्या. काही माकडांच्या मेंदूतील आकड्यांच्या तोडीस तोड अशी ही संख्या आहे.

कावळा इतका चतुर असेल, तर कोकिळा त्याच्याकडून आपली पिल्ले कशी वाढवून घेते?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि तो विचारायलाच हवा, कारण त्यात कावळ्याच्या बुद्धीची मर्यादा स्पष्ट होते.

एप्रिल ते जून या काळात, पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, गावकावळ्यांची घरटी आंबा, फणस, वड अशा झाडांवर तयार होतात. अलीकडे त्यांत काटक्यांबरोबर बांधकामावरच्या तारांचे तुकडेही असतात. याच काळात कोकीळही टिपेला पोहोचलेला असतो. काळाभोर नर घरट्याजवळ येऊन ओरडतो, कावळे संतापून त्याच्या मागे लागतात, आणि तपकिरी, ठिपकेदार मादी तेवढ्यात घरट्यात अंडे घालून निघून जाते. अंड्याचा हिरवट रंग आणि त्यावरचे तपकिरी शिंतोडे कावळ्याच्या अंड्याशी मिळतेजुळते असतात. फक्त आकार थोडा लहान असतो. कोकिळेचे पिल्लू आधी बाहेर येते आणि मागून घेण्यात आघाडी मिळवते. परदेशी कोकिळेच्या पिल्लाप्रमाणे ते यजमानाची पिल्ले घरट्याबाहेर ढकलत नाही, त्यामुळे कावळ्याची स्वतःची काही पिल्लेही अनेकदा वाढतात.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की कावळ्याला कोकीळ शत्रू आहे हे पक्के कळते. तो दिसताक्षणी त्याला पळवून लावल्याशिवाय कावळा राहत नाही. कळत नाही ते अंडे. कावळ्याची हुशारी अनुभवातून, पाहून आणि चुकून घडते. परंतु घरट्यात जे आहे ते उबवायचे आणि उघड्या लाल चोचीत घास घालायचा, ही प्रेरणा उपजत आहे. शंका घेऊन स्वतःचेच अंडे फेकून देण्याचा धोका त्या प्रेरणेमुळे टळतो, आणि कोकिळा याचाच फायदा घेते. यावरून कावळ्याला मूर्ख ठरवणे अन्यायाचे आहे.

मेलेल्या कावळ्याभोवती बाकीचे जमून ओरडतात, तो शोक असतो का?

विजेच्या तारेला चिकटून एखादा कावळा पडला, की दहा-पंधरा मिनिटांत सगळी वाडी कावळ्यांनी भरून जाते. अमेरिकेत केली स्विफ्ट आणि मार्झलफ यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मेलेला कावळा हातात धरून उभ्या राहिलेल्या व्यक्तीला कावळ्यांनी धोकादायक म्हणून लक्षात ठेवले आणि त्या जागी अन्नाला येण्याचेही काही काळ टाळले. म्हणजे त्या जमावात निदान चौकशी असते: कुठे घडले, कोणामुळे घडले. म्हणूनच मेलेला कावळा उचलायचा असेल तर गर्दी ओसरल्यावर उचलावा. नाहीतर तुमचे नाव त्यांच्या वहीत लिहिले जाते.

दहाव्याच्या पिंडाला कधीकधी कावळा शिवत नाही. त्यामागे पक्ष्याच्या स्वभावातले काही कारण असू शकते का?

श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने आपल्या मनाप्रमाणे जपावा. इथे केवळ पक्ष्याच्या बाजूने पाहू. कावळा अनोळखी मांडणीला बिचकतो. पिंडाभोवती पंधरा-वीस माणसे गोल करून, एकटक वर पाहत उभी असतील, तर आपल्याकडे रोखून पाहणाऱ्या नजरा हीच त्याला धोक्याची खूण वाटते. ज्या घाटावर दररोज विधी होतात तिथले कावळे सरावलेले असतात, परंतु त्यांचे पोटही भरलेले असू शकते. मंडळींनी बरेच मागे सरावे, पाठ वळवावी आणि शांत राहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

कावळ्यांमुळे कासवांची पिल्ले मरतात का?

मरतात. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले उजेडात वाळूवरून समुद्राकडे जाऊ लागली, की कावळे त्यांना उचलतात. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेच्या पुढाकाराने २००२ पासून गावकऱ्यांच्या मदतीने अंडी कुंपणातल्या खड्ड्यांत सुरक्षित ठेवली जातात आणि पिल्ले देखरेखीखाली समुद्रात सोडली जातात. इथे कावळ्याला दोष देण्यापेक्षा किनाऱ्यावरचा मासळीचा आणि पर्यटकांचा उष्ट्याचा कचरा आवरणे महत्त्वाचे आहे, कारण कावळ्यांची गर्दी त्यानेच वाढते.

गावकावळा परदेशांत कसा पोहोचला?

बहुतांशी जहाजांवरून. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो आज मोठी समस्या बनला आहे. केनियाने २०२४ मध्ये दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली. नेदरलँड्समधील हुक व्हॅन हॉलंड या बंदरातही तो १९९४ पासून दिसू लागला होता. जे पक्षी तिथे उपद्रवी ठरतात, ते इथले मूळचे रहिवासी आहेत, हा फरक विसरू नये.

कावळा पाळता येतो का? कायदा काय सांगतो?

पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गावकावळा उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द केली आणि हा बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. कायदा बाजूला ठेवला तरी, जो पक्षी आयुष्यभर शेजारपाजाऱ्यांकडून शिकतो त्याला पिंजऱ्यात एकटे ठेवणे हे त्याच्या बुद्धीला उपाशी ठेवणे आहे. रोज ठरलेल्या वेळी खळ्यात थोडा भात ठेवला, तर मोकळा कावळाही तुम्हाला ओळखू लागतो.

पावसात घरट्यातून पडलेले पिल्लू सापडले तर काय करावे?

आधी दुरून पाहावे. पिसे आलेले पिल्लू उडायला शिकत असेल तर आईबाप जवळपासच असतात, आणि तुमच्या डोक्यावर झडप घालणारे तेच असतात. कुत्र्या-मांजरांचा धोका असेल तर डोक्यावर छत्री धरून पिल्लू उचलावे आणि त्याच झाडावर, शक्य तितक्या उंच फांदीला बांधलेल्या परडीत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते. पंख मोडला असेल किंवा जखम असेल, तर पिल्लू भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि उबेत ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.